तारीख नको, भिंत तपासा!

३० सप्टेंबर १९९३ रोजी, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हादरली. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून निजलेली गावेच्या गावे काही क्षणांत मातीखाली गेली आणि हजारो माणसे दगावली. तेव्हापासून महाराष्ट्र एकच प्रश्न विचारीत आला आहे : हे आधी कळले असते तर? हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्यातच गुंतून राहणे घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

भूकंप का होतो, हे आज गूढ राहिलेले नाही. भारताचे भूपट्ट वर्षाकाठी सुमारे पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकत आहे. त्या रेट्याचा ताण दख्खनच्या पोटातील जुन्या भेगांवरही साठतो आणि खडकास तो असह्य झाला की भेग सरकते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपास शिवाजीसागराच्या जलसाठ्याने चालना दिली, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. परंतु कारण समजणे म्हणजे मुहूर्त समजणे नव्हे. चीनमध्ये १९७५ साली हाइचेंग शहरास आगाऊ इशारा मिळाला व असंख्य प्राण वाचले. पुढच्याच वर्षी तांगशान मात्र बेसावध सापडले आणि सरकारी गणतीप्रमाणेच दोन लाख चाळीस हजारांवर माणसे बळी पडली. किल्लारीत १९९२ पासून लहान धक्के बसत होते; त्यांमागून मोठा आला. डहाणू-तलासरीत २०१८ च्या अखेरीपासून कितीतरी धक्के बसले; तेथे मोठा आला नाही. मग लहान धक्क्यांवरून भाकीत करावे तरी कोणते?

किल्लारीचा भूकंप ६.२ च्या आसपासचा, म्हणजे जगाच्या मानाने मध्यम होता. माणसे मारली ती चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदावरील मातीच्या भाराने. शिवाय नकाशात तो प्रदेश सर्वांत निर्धोक पट्ट्यात दाखविलेला होता!

वऱ्हाडाने यावरून बोध घ्यावयास हवा. आपल्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडची भेग आहे आणि पूर्णेचे खोरे गाळाच्या जाड थरांवर वसले आहे. अशी मऊ भूमी हादरा वाढविते. उद्याच संकट येणार, असे आम्ही म्हणत नाही. परंतु धाब्याची जुनी घरे, मोडकळीस आलेले वाडे आणि शाळांच्या जीर्ण इमारती यांची तपासणी करण्यास कोणत्या भाकिताची वाट पाहावयाची? महानगरपालिकेने व जिल्हा परिषदेने शाळा आणि रुग्णालये यांपासून आरंभ करावा. धाब्यावरील जादा माती उतरविणे, भिंतींना दारांच्या वर सलग पट्टा बांधणे, नव्या इमारतीस भूकंपरोधक आराखड्यावाचून परवानगी न देणे, ही कामे आवाक्याबाहेरची नाहीत.

भूकंपाची तारीख कोणीही सांगू शकत नाही. त्या दिवशी कोणती भिंत पडेल, हे मात्र कुशल अभियंता आज सांगू शकतो. त्यास विचारण्याचे कष्ट अधिकाऱ्यांनी व घरमालकांनीही घ्यावेत.