असडी तांदूळ आणि पांढरा भात

आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या चातुर्मासांत भातावरून मोठा कलह माजला. घरांतील वडील गृहस्थ पंचाहत्तरीचे; मधुमेह पंधरा वर्षांचा. धाकट्या सूनबाई शिकलेल्या व कर्तव्यदक्ष. त्यांनीं कोठेंसें वाचलें कीं, पांढरा भात म्हणजे मधुमेह्यास विष, आणि असडी तांदूळ, ज्यास हल्लीं दुकानांत ‘ब्राउन राइस’ म्हणतात, तो अमृत. दुसऱ्याच दिवशीं आंबेमोहोराचा डबा फडताळाच्या वरच्या खणांत गेला, आणि मामंजींच्या पानांत तांबूस, टणक, चावतां चावतां दमावें असा भात पडूं लागला. मामंजी बोलले कांहीं नाहींत; परंतु रोज अर्धपोटीं उठूं लागले. सासूबाईंना तें पाहवेना. महिन्यानें रक्तांतील साखर तपासली तों ती चांगलीच उतरलेली निघाली, आणि सूनबाईंस धन्यता वाटली. पुढें चारच दिवसांनीं मामंजी पहाटे घामानें निथळत, थरथरत, असंबद्ध बोलत उठले. साखर फाजील उतरली होती. थोरल्या मुलानें प्रसंगावधान राखून साखरेचें पाणी पाजलें म्हणून निभावलें. डॉक्टरांनीं एकच विचारलें: जेवण निम्म्यावर आलें, मग गोळी पूर्वीइतकीच कां चालू ठेवली? या प्रश्नाचें उत्तर घरांत कोणापाशींच नव्हतें.

त्यानंतर आम्हांस पंच म्हणून बोलावणें आलें. सासू व सून यांच्यामध्यें बसून निवाडा करण्याइतके आम्ही धीट नाहीं. म्हणून तो येथें लिहून देत आहों.

प्रथम दाण्याची ओळख. साळीचें तूस काढलें कीं जो दाणा उरतो तो असडी तांदूळ. त्याच्या अंगावर कोंड्याचा पातळ थर असतो आणि टोकाशीं अंकुर असतो. सडतांना किंवा गिरणींत झिलई देतांना हे दोन्ही निघून जातात. त्यांबरोबर चोथा, लोह, मॅग्नेशियम आणि मुख्यतः थायमिन, म्हणजे ‘ब’ वर्गांतील पहिलें जीवनसत्त्व, यांचा बराचसा भाग जातो. उरतो तो शुभ्र, सुवासिक, पचावयास हलका, आणि बव्हंशीं नुसता पिष्टमय दाणा.

हा वरवर क्षुल्लक वाटणारा फरक आशियांत लाखों माणसांच्या जिवावर बेतला, हें आज कोणाच्या ध्यानांतहि नसतें. जपानांत पांढरा भात हें शहरी संपन्नतेचें लक्षण होतें, आणि पाय बधिर होऊन शेवटीं हृदय बंद पाडणाऱ्या बेरीबेरीस लोक ‘एदोचा आजार’ म्हणत. एदो म्हणजे आजचें तोक्यो. १८८२-८३ मध्यें त्यांचें एक लढाऊ जहाज लांबच्या सफरीस गेलें. त्यावरील ३७६ खलाशांपैकीं १६९ जणांस ही व्याधी जडली व २५ दगावले. आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनीं १८८४ सालीं दुसरें जहाज त्याच मार्गानें पाठविलें, परंतु शिधा बदलून. त्या सफरींत बेरीबेरीनें एकहि मेला नाहीं. पुढें आरमारांत तांदळाबरोबर सातू आला. गंमत अशी कीं, ताकाकींची उपपत्ति चुकीची होती (त्यांच्या मतें उणीव प्रथिनांची होती), आणि उपाय मात्र बरोबर होता. जपानी लष्करांतील विद्वानांनीं उपपत्तींतील ही चूक धरून उपायहि नाकारला. त्याचें प्रायश्चित्त १९०४-०५ च्या रशियाशीं झालेल्या युद्धांत हजारों शिपायांनीं भोगलें. ते शत्रूच्या गोळीनें मेले नाहींत, पांढऱ्या भातानें मेले.

कोडें उलगडलें तें जावा बेटांत, आणि तें कोंबड्यांमुळें. बटेव्हिया, म्हणजे आजच्या जकार्ता, येथें ख्रिस्तियान आयक्मान नांवाच्या डच वैद्याच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्यांचे पाय लुळे पडले. चौकशीअंतीं कळलें कीं, त्यांस कांहीं दिवस रुग्णालयाच्या मुदपाकखान्यांतील उरलेला पांढरा भात घालीत असत. पुढें नवा आचारी आला. लष्करी तांदूळ मुलकी कोंबड्यांस देणें त्यास मान्य नव्हतें. भात बंद झाला, असडी तांदूळ सुरू झाला, आणि कोंबड्या टुणटुणीत झाल्या. सरकारी कारभारांतील काटेकोरपणाचा मनुष्यजातीस असा लाभ क्वचितच झाला असेल! मग फोर्डरमान या अधिकाऱ्यानें जावांतील १०१ तुरुंगांची पाहणी केली. पांढरा तांदूळ मिळे तेथें ३९ कैद्यांमागें एकास बेरीबेरी. असडी मिळे तेथें १० हजारांमागें एकास. तरी आयक्मान यांस वाटे कीं, पिष्टांत विष आहे व कोंड्यांत उतारा. विष वगैरे कांहीं नसून सडलेल्या दाण्यांत जीवनास अवश्य असें कांहीं उणें पडतें, हें त्यांचे उत्तराधिकारी ग्रीन्स यांनीं १९०१ सालीं मांडलें. आयक्मान यांस १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

आमच्या कोंकण-गोव्याकडील वाचकांस यापुढील भाग विशेष रुचेल. मलायांत फ्रेझर व स्टँटन या दोघां वैद्यांनीं १९०७ पासून मजुरांच्या टोळ्यांवर प्रयोग केले. साधा सडीक तांदूळ खाणारे आजारी पडले. उकडा तांदूळ खाणारे, तो गिरणींतून सडून आलेला असतांहि, सुखरूप राहिले. साळ तुसासकट भिजवून उकडतांना कोंड्यांतील थायमिन पाण्याबरोबर दाण्याच्या गाभ्यांत शिरतें. मग वरचा कोंडा गेला तरी तें पुष्कळसें आंत शिल्लक राहतें. सावंतवाडीच्या आजीबाई सकाळीं उकड्याची पेज कां पितात, याचें शास्त्र त्यांस कोणी शिकविलें नव्हतें, हें खरें. पण देशावरच्या मंडळींनीं त्या तांदळास ‘जाडाभरडा’ म्हणून नाक मुरडलें, तेंहि शास्त्र शिकून नव्हे.

वर्ध्यास १९३४ सालीं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हां गांधीजींनीं हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरला. आहारदृष्ट्या तो आग्रह योग्यच होता. तथापि हातसडीचें गुणगान करणाऱ्या पुरुषांपैकीं किती जणांनीं पहाटे उठून मुसळ उचललें होतें, असा प्रश्न आम्हांस नेहमीं पडतो. गिरणी आली तेव्हां जीवनसत्त्व गेलें, तसेंच बायकांच्या खांद्यांचें दुखणेंहि गेलें. हिशेब मांडावयाचा तर दोन्ही बाजूंनीं मांडावा.

हें सारें झालें ज्यांचें पोट निव्वळ भातावरच भरे त्यांचें. आपल्या घरीं भाताबरोबर वरण, भाजी, पोळी, ताक आहे. बेरीबेरीचें भय आपणांस सहसा नाहीं. अपवाद एक, आणि तो गंभीर आहे. काश्मीरांत पथ्य म्हणून बाळंतिणीस जवळजवळ नुसत्या पांढऱ्या भातावर ठेवल्यानें अंगावर पिणाऱ्या मुलांस थायमिनच्या अभावीं प्राणघातक विकार झाल्याचें तेथील डॉक्टरांनीं अलीकडे दाखविलें आहे. बाळंतिणीस मऊ भात द्यावा, पण डाळ व भाजी ‘बाधते’ म्हणून तोडूं नये.

आतां मधुमेह. २०१० सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत असें दिसलें कीं, रोजच्या पांढऱ्या भातापैकीं ५० ग्रॅमच्या जागीं असडी भात खाल्ल्यास मधुमेह जडण्याचा संभव सुमारें १६ टक्क्यांनीं घटतो. पण असडी भात खाणारे लोक व्यायामहि अधिक करतात, हें विसरूं नये. प्रत्यक्ष खाऊं घालून पाहिलें तेव्हां चित्र इतकें उजळ नाहीं. शांघायमध्यें २०२ जणांवर १६ आठवडे प्रयोग झाला. लक्षणीय फरक पडला नाहीं. चेन्नईस तीन महिन्यांच्या प्रयोगांत स्थूल माणसांस थोडा लाभ दिसला. याउलट २०२० सालीं प्रसिद्ध झालेली २१ देशांतील १ लक्ष ३२ हजार माणसांची पाहणी पाहावी: दिवसास ४५० ग्रॅम वा अधिक शिजलेला पांढरा भात खाणाऱ्यांत, १५० ग्रॅमहून कमी खाणाऱ्यांच्या मानानें, मधुमेहाचा संभव २० टक्के अधिक, आणि आपल्या दक्षिण आशियांत तो ६१ टक्के अधिक. आमच्या मतें दोष रंगापेक्षां राशीकडे अधिक आहे. असडी भाताचा डोंगर रचून त्यावर तुपाची धार सोडणाऱ्यास कोंड्यानें तारलें, असें होणार नाहीं.

असडी तांदूळ आणावयाचा तर थोडथोडा आणावा. कोंड्यांतील तेल खवट होतें. चारपांच तास भिजवून, पाणी अधिक घालून शिजवावा. दांत गेलेल्यांवर त्याची सक्ती करूं नये, आणि मूत्रपिंडाचा विकार असल्यास वैद्यास विचारावें. जेथें पाण्यांत व मातींत सोमल आहे, जसें बंगालच्या कांहीं भागांत, तेथें तें विष कोंड्यांतच अधिक सांचतें. म्हणून तान्ह्या मुलांस रोज केवळ असडी भात भरवूं नये. कोणताहि तांदूळ चोळचोळून पांचपांच वेळां धुऊं नये. पेज ओतून देऊं नये. आणि साखरेची गोळी किंवा इन्शुलिन घेणाऱ्याचा आहार वैद्याच्या कानावर घातल्यावांचून कोणींहि, कितीहि प्रेमानें, बदलूं नये.

स्नेह्यांच्या घरीं आतां मामंजींची गोळी डॉक्टरांनीं बदलून दिली आहे. पानांत आधीं कोशिंबीर व उसळ, मग आंबेमोहोराची एकच मूद, आणि रात्रीं उकड्याची पेज. मूद लहान झाल्याची तक्रार आहे. ती सासूबाई ऐकून घेतात. उरलेल्या असडी तांदळाचा सूनबाईंनीं मसालेभात केला. तो मुलांनीं मागून मागून खाल्ला, असें कळतें.