रेशन कार्डातली आई

कर्नाटकातल्या निपाणीत बिडी वळणाऱ्या घरी संध्याकाळी गेलात तर उंबऱ्यातच तंबाखूचा वास नाकात शिरतो. आईच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली पाने, दोरा. शेजारी चौथी-पाचवीतली लेक. आईने वळलेल्या बिडीचे तोंड ती नखाने मिटते आणि पुढे सरकवते. मजुरी हजार बिड्यांमागे मिळते. त्या हजारात लेकीची बोटे किती, हे ठेकेदाराच्या वहीत लिहिलेले नसते. छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की भुर्दंड मात्र दोघींना बसतो. १९८६च्या बालकामगार कायद्याने बिडीच्या कामावर मुलांना बंदी केली, पण मूळ कायद्यात घरच्यांनी मिळून चालवलेल्या कामाला सूट होती. आणि बिडी तर घरीच वळली जाते!

यांतल्या कितीतरी आया एकट्या आहेत. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, कुणी यल्लम्मा देवीला सोडलेली. भावाच्या घरात पडदा लावून केलेली एक खोली, त्यात वेगळी चूल. ती आणि तिची पोरे, एवढेच तिचे कुटुंब. सरकार मात्र कुटुंब मोजते ते रेशन कार्डावरून. कर्नाटकात २०२३च्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये कार्डावरच्या कुटुंबप्रमुख बाईला मिळू लागले, एका कार्डावर एकीलाच. बाईच्या हातात थेट पैसा देणारी ही योजना चांगली आहे, तिची टिंगल करणाऱ्यांशी माझे कधीच जमणार नाही. पण माहेरी परतलेल्या बाईचे नाव असते सासरच्या कार्डात, तिथे प्रमुख सासू. माहेरच्या कार्डात नाव चढवले तर प्रमुख तिची आई. वेगळ्या कार्डासाठी विभक्त असल्याचा कागद हवा, आणि टाकलेल्या बाईला कागद कोण देतो? त्यात अर्ज कन्नडमध्ये, बाईचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे. कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेले की महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत परित्यक्तेचा निदान वेगळा उल्लेख तरी आहे.

शाळेसाठी म्हणून बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती आहे: पहिली ते चौथीला वर्षाला १००० रुपये, म्हणजे महिन्याला शंभरसुद्धा नाहीत. तीही आईकडे बिडी कामगाराचे कार्ड असेल तर. अशा मदतीसाठीच १९७६च्या कायद्याने बिडीच्या धंद्यावर उपकर बसवून कल्याण निधी उभा केला होता. २०१७मध्ये जीएसटी आला, उपकर गेला, आणि बिडीतून थेट येणारा तो पैसा आटला.

याच निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांनी तंबाखू-बिडीतल्या बायकांची संघटना बांधली. आपण कामगार आहोत, हे त्या बायकांना भांडून मान्य करून घ्यावे लागले. आता त्यांच्या लेकी-सुनांना आपण कुटुंबप्रमुख आहोत, हे मान्य करून घ्यायचे आहे.

कुठले पोर कुणाच्या चुलीवर जेवते, हे अंगणवाडी सेविकेला ठाऊक असते आणि शाळेच्या मुख्याध्यापकांनाही. या दोघांचा दाखला वेगळ्या रेशन कार्डाला पुरावा म्हणून धरावा आणि तहसील कचेरीने तो जूनमध्ये, शाळेतच येऊन घ्यावा. दर महिन्याला २००० रुपये त्या खोलीत पोचले, तर हजाराचा आकडा गाठण्यासाठी लेकीला सुपाशी बसवायची घाई आईला राहणार नाही. संध्याकाळचे ते तास लेकीच्या पाढ्यांना मिळतील.