पाहिजे : नकोसा रूममेट

फॉर्म पाहून मी घाबरत नाही. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याने फॉर्मला घाबरणं म्हणजे कोळ्याच्या पोराने पाण्याला घाबरणं. पण परवा आमच्या कन्येने पुण्याच्या एका खाजगी हॉस्टेलचा फॉर्म माझ्यापुढे सहीसाठी ठेवला आणि माझं पेन अडलं. नाव, पत्ता, जन्मतारीख, इथवर सारं ठीक होतं. पुढे प्रश्न होते : आहार शाकाहारी की मांसाहारी? मातृभाषा? झोपण्याची वेळ? रूममेटकडून अपेक्षा? हॉस्टेलचा फॉर्म आहे की वधूवर सूचक मंडळाचा, तेच कळेना. मंगळ आहे का, एवढं विचारायचं राहिलं होतं. कन्येने मात्र या सगळ्यावर एका फटक्यात मात केली होती. 'स्वतंत्र खोली' या चौकोनात तिने टिक मारली होती.

"बाबा, कटकटच नको," ती म्हणाली.

वाचकहो, माझं म्हणणं असं की, ही कटकट मिळावी म्हणूनच हॉस्टेलात जायचं असतं. अभ्यास घरीही होतो. कॉट, टेबल, खुर्ची घरीही असते. घरी नसतो तो एकच माणूस : ज्याला आपण निवडला नाही, जो आपला नातेवाईक नाही, आणि तरीही ज्याचा ओला टॉवेल आपल्या उशीवर आहे.

१९९६ साली बी. कॉम.साठी मी रत्नागिरीकडून पुण्याला आलो. रेक्टरांनी नोटीस बोर्डावर यादी लावली, त्यात माझ्या नावाला दोन नावं जोडलेली होती. एक यवतमाळचा, दुसरा सांगोल्याचा. खोली एक, कॉट तीन, पंखा एक आणि तोही फक्त मधल्या कॉटला वारा देणारा. यवतमाळचा रात्री दोनपर्यंत दिवा लावून वाचायचा. सांगोल्याचा पहाटे पाचला उठून हरिपाठ म्हणायचा. मधल्या तीन तासांत मी झोपावं, अशी व्यवस्था होती.

पण खरं युद्ध पेटलं ते माझ्या डब्यावरून. आईने सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. मेसच्या आमटीला माणसात आणण्याची ताकद त्या डब्यात होती. मी झाकण उघडलं आणि सांगोलेकर कॉटवरून ताडकन उठला. गड्याच्या गळ्यात तुळशीची माळ! घरात तीन पिढ्यांची वारी!

"आरं, त्यो डबा भायेर ठिव की! श्वास घिऊ का नगं?"

मी म्हटलं, "तुझा हरिपाठ बाहेर ठेव, मग डबा ठेवतो." यवतमाळचा पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाला, "कायले भांडून राहिले बे? दोघंही बाहेर जा, मी वाचून राहिलो."

आठ दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. दहा बाय बाराच्या खोलीत न बोलता राहणं हे बोलून राहण्यापेक्षा फार अवघड असतं, हे तेव्हा कळलं. नवव्या दिवशी तह झाला. डबा खिडकीबाहेर गजाला टांगायचा, एकादशीला उघडायचा नाही. हरिपाठ व्हरांड्यात. दिव्याला पुठ्ठ्याचा आडोसा.

त्याच पावसाळ्यात मला हिवताप झाला. सांगोलेकरानेच सायकलवर घालून दवाखान्यात नेलं. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेली. मेसचं ताट तसंच परत जायचं. तिसऱ्या दिवशी तो गडी उठला, खिडकीतून हात घालून डबा काढला, तोंड दुसरीकडे फिरवून झाकण उघडलं आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "खा. पन हितं खिडकीपाशी बसून."

आता सांगा, त्या साली आमच्या रेक्टरांकडे हा आजचा फॉर्म असता तर? माझ्यासमोर 'मांसाहारी', त्याच्यासमोर 'शाकाहारी', आणि आम्ही दोघं दोन निराळ्या मजल्यांवर आपापल्या जातीच्या वासात सुखाने राहिलो असतो. हो, जातीच्या. मुद्दामच म्हणतो. जात विचारायची आपल्याला आताशा लाज वाटते, म्हणून आपण आहार विचारतो.

नोकरीत पुढे माझी साताऱ्याला बदली झाली आणि कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव पावलोपावली भेटू लागलं. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातीधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढली. मुलांना शाळेपर्यंत आणायला तेव्हा तोच मार्ग होता. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचं वसतिगृह निघालं. विद्यार्थी असलेले भाऊराव त्याच्या समारंभाला गेले, परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला, आणि राहत्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावं लागलं. या माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं : सगळ्या जातीधर्मांची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिनेच काय, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आणि शंभर वर्षांनी आपण जास्तीचं भाडं भरून पोरांना पुन्हा निरनिराळ्या खोल्यांत बसवतो आहोत!

कोणी म्हणेल, साहेब, त्रास देणारे रूममेटही असतात. असतात ना. छळ सोसा, असं मी म्हणत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ साली झाला, तो वापरा, रेक्टरांचं दार ठोठवा. पण टॉवेल उशीवर टाकणं म्हणजे छळ नव्हे, आणि घोरणं हा दखलपात्र गुन्हा नव्हे. त्यावर उपाय एकच : तोंडावर सांगणं. त्याच दिवशी, त्याच माणसाला, तिसऱ्याला मध्ये न घेता. पैशांचा हिशेब मात्र पैपर्यंत लिहून ठेवा. हे मी बँकवाला म्हणून सांगतो. आणि खोबरेल तेलाचा हिशेब बिलकूल ठेवू नका. हे मी रूममेट म्हणून सांगतो. मी पहिल्या सत्रात ठेवला होता. तेल वाचलं, पण दोन्ही मित्र जायची वेळ आली होती.

हे सगळं मी कन्येला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, मग काल पंख्यावरून आईशी भांडून तुम्ही बाहेरच्या खोलीत का झोपलात?"

पोरगी वकिलीला जाणार आहे, हे मी सांगायला विसरलो.

मी म्हटलं, "पण आज परत आत झोपणार आहे. स्वतंत्र खोलीवाल्याला परत जायला खोलीच नसते." यावर ती काही बोलली नाही. मुकाट्याने फॉर्म ओढून घेतला, 'स्वतंत्र'वर काट मारली आणि 'दोघींची खोली' केली. अपेक्षांच्या रकान्यात आडवी रेघ ओढली. आहाराच्या प्रश्नावर जरा थांबली, मग तिथेही रेघ. मी सही केली.

परवा तिची बॅग भरणं चाललं होतं. सौ. सुक्या बोंबलाची चटणी डब्यात भरत होती. वास बाहेर जायला नको म्हणून तिने झाकणाला वरून प्लॅस्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड लावले.

मी म्हटलं, "एवढं घट्ट नको. जरा सैलच असू दे."