९०० सेकंदांचे सोंग

१५ मिनिटे हात न चालवणाऱ्याला सर्व्हरवरून आपोआप लॉगआउट करा, असे फर्मान दर ऑडिटला निघते. मग अ‍ॅडमिन सगळ्यांच्या प्रोफाइलमध्ये बॅश शेलच्या ‘टीएमआउट’ या व्हेरिएबलला ९०० ही किंमत देतो, ती रीडओन्ली करतो आणि ऑडिटच्या रकान्यात बरोबरची खूण पडते. लिनक्स सर्व्हर सांभाळणे हे माझे काम आहे, म्हणून स्पष्ट सांगतो: हे सुरक्षेचे निव्वळ सोंग आहे.

माणूस जागेवर आहे की उठून गेला, हे टीएमआउटला कळतच नाही. बॅश शेल प्रॉम्प्टवर आज्ञेची वाट पाहत असेल, तेवढाच वेळ ते मोजते. रूट म्हणून ‘व्हीआय’मध्ये पासवर्डची फाइल उघडी टाकून कोणी घरी गेला, तरी त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. उलट, अर्धी आज्ञा लिहून शेजारच्या खिडकीत तिची खातरजमा करणारा बाहेर फेकला जातो, कारण मुदतीत पूर्ण ओळ आली नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी!

शिवाय तीच किंमत बॅशच्या ‘रीड’ आज्ञेचीही मुदत ठरते. व्हेरिएबल एक्स्पोर्ट केलेले असेल, तर ती स्क्रिप्टपर्यंत पोहोचते. माणसाच्या उत्तरासाठी थांबलेली स्क्रिप्ट १५ मिनिटांनी रिकामे उत्तर घेते, आणि लिहिणाऱ्याने तपासणी ठेवली नसेल, तर तशीच पुढे धावते. चालू सर्व्हरवर याला सुरक्षा म्हणायचे?

एसएसएचची कथा आणखी वाईट. तिची ‘क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल’ ही सेटिंग पलीकडचे यंत्र प्रतिसाद देते का, एवढेच पाहते. तिच्या जोडीच्या ‘क्लायंट अलाइव्ह काउंट मॅक्स’ला शून्य दिले की पूर्वी कनेक्शन तुटायचे. २०२० च्या ओपनएसएसएच ८.२ पासून त्याच शून्याने कनेक्शन तोडणे पूर्ण बंद होते. शून्य द्या म्हणणारी जुनी चेकलिस्ट डोळे मिटून उतरवणाऱ्यांनी स्वतःच्याच हाताने पहारा उठवला आहे.

मोडेमच्या मोजक्या लाइन होत्या, तेव्हा रिकाम्या बसलेल्याला उठवणे रास्त होते. आज धोका उघड्या टर्मिनलचा आहे आणि त्यावर इलाज कुलूप हाच. कार्ड व्यवहारांचे पीसीआय डीएसएस मानकही १५ मिनिटांनंतर पुन्हा ओळख पटवा, एवढेच मागते. चालू काम मारून टाका, असे ते म्हणत नाही. लॅपटॉपचा पडदा सक्तीने लॉक करा. टीमक्स या टर्मिनल मल्टिप्लेक्सरमध्ये ठरावीक वेळाने लॉक लागेल अशी सोय आहे, ती वापरा. थेट रूट लॉगिन बंद करा, सुडोची मुदत आखूड ठेवा.

ऑडिटरांनो, ९०० हा आकडा फाइलमध्ये आहे का, हे विचारणे सोडा. व्हीआय उघडा, १५ मिनिटे थांबा आणि कुलूप लागते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. लागले नाही, तर ती बरोबरची खूण खोडा.