संगणकाच्या पोटात : कप्पे वाढले, जागा संपली!

दोस्तांनो, निकालाच्या दिवशीची दुपार डोळ्यांपुढे आणा. ताई मोबाइल घेऊन बसलीय, आई तिच्या खांद्यावरून वाकून बघतेय, बाबा बैठक क्रमांक तिसऱ्यांदा सांगताहेत, आणि पडद्यावर ते गोल चक्र नुसतं फिरतंय! मग कुणीतरी म्हणतं, "सर्व्हर बसला." आता सर्व्हर बसतो म्हणजे नेमकं काय होतं? कारणं पुष्कळ असतात. त्यातलं एक मात्र फार गमतीचं आहे. कामाचा भार कमी व्हावा म्हणून माणसाने एक सोय केली आणि त्या सोयीनेच सर्व्हरला घाम फोडला!

तुमच्या शाळेत जनरल रजिस्टर असतं ना? उभे रकाने, आडव्या ओळी, एका मुलाची एक ओळ. डेटाबेसमधली माहितीही अशाच तक्त्यांत ठेवतात. ही कल्पना एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली मांडली. तक्ते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी पोस्टग्रेस हे एक. त्याचं काम १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी सुरू केलं. ते आजही कुणालाही फुकट वापरता येतं.

ओळी कोट्यवधी झाल्या की एकच तक्ता आवरत नाही. मग त्याचे कप्पे करतात. जानेवारीचा एक, फेब्रुवारीचा एक, असे. जुना महिना नको असेल तर ओळी खोडत बसायचं नाही, अख्खा कप्पाच काढून टाकायचा. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसमध्ये याची सरळ सोय आहे.

इथवर सगळं छान. आता पुढे ऐका.

तक्ते राहतात डिस्कवर, म्हणजे कपाटात. काम मात्र होतं मेमरीत, म्हणजे मेजावर. (टेबल म्हटलं तर इंग्रजीत तक्ता आणि मेज दोन्ही होतात, म्हणून मी मुद्दाम मेज म्हणते.) पोस्टग्रेसकडे जोडणी आली की तो तिला एक वेगळा कारकून देतो. शंभर जोडण्या, शंभर कारकून. कारकून ज्या कप्प्याला हात लावतो त्याचं एक टिपण करून स्वतःजवळ ठेवतो : यात रकाने किती, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतच्या नोंदी, सूच्या कोणत्या. शेजाऱ्याचं टिपण वापरू, असं नाही. ज्याचं त्याने करायचं!

समजा कप्पे १,००० आहेत आणि कारकून १००. प्रत्येकाने प्रत्येक कप्पा उघडला तर टिपणं झाली एक लाख. एक टिपण ५० किलोबाइटचं धरलं, तर नुसत्या टिपणांनाच सुमारे ५ गिगाबाइट मेमरी लागली. अजून कामाला सुरुवातही नाही बरं का!

पण सगळे कप्पे उघडायचे कशाला? त्याचं उत्तर प्रश्नात असतं. "एप्रिल २०२४ मधली अमुक नोंद द्या" म्हटलं तर कारकून एकच कप्पा उघडतो. तारीख न सांगता नुसता क्रमांक दिला, तर बिचारा सगळे कप्पे उघडत सुटतो.

मेज भरलं की लिनक्स संगणकावर एक रखवालदार जागा होतो. तो मेमरी अडवून बसलेला एखादा कारकून निवडतो आणि त्याला तडकाफडकी बंद करतो. पोस्टग्रेस मग सावध होतो. सगळ्यांचा एक सामाईक फळा असतो, त्यावर त्या कारकुनाने अर्धवट काही लिहून ठेवलं असेल तर? म्हणून तो बाकीच्या सगळ्या कारकुनांनाही थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एकाच्या हट्टापायी अख्खं कार्यालय बंद! पूर्ण झालेल्या नोंदी वहीत आधीच टिपलेल्या असतात, त्या परत मिळतात. अर्धवट राहिलेल्या जातात. पालकांनो, अर्ज भरताना "यशस्वी" असा संदेश दिसेपर्यंत उठू नका, ते यासाठी.

दुसरी गंमत कुलपांची. वापरातल्या प्रत्येक कप्प्यासाठी आणि त्याच्या प्रत्येक सूचीसाठी कुलूप टांगावं लागतं. सतराव्या आवृत्तीत मुळात ठरलेल्या खुंट्या ६४ गुणिले १००, म्हणजे सुमारे ६,४००. त्या संपल्या की "आउट ऑफ शेअर्ड मेमरी" असा निरोप येतो. मेजावर ढीगभर जागा मोकळी असली तरी! नवख्यांची इथे हमखास फसगत होते. ते जास्तीची मेमरी विकत आणतात आणि निरोप येतच राहतो. इथे खुंट्यांचा आकडा वाढवावा लागतो, नाहीतर कप्पे कमी करावे लागतात. मला विचाराल तर कप्पेच कमी करावेत, कारण टिपणांचा ढीगही त्यानेच उतरतो.

आता वही-पेन्सिल घ्या. २०१५ ते २०२४ या दहा वर्षांच्या नोंदी आहेत. रोजचा एक कप्पा केला तर कप्पे किती? (लीप वर्षं विसराल, सांभाळा!) महिन्याचा एक केला तर किती? प्रत्येक कप्प्याला दोन सूच्या असतील, तर सगळे कप्पे एकदम उघडायला दोन्ही वेळी किती कुलपं लागतील? आणि ती ६,४०० खुंट्यांवर मावतील का?

उत्तर पुढच्या अंकात.