शिक्षेचा चौथरा आणि प्रेक्षक

नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन ग्रंथकारांची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी १८५० सालीं प्रसिद्ध झाली. कथा सतराव्या शतकांतील बॉस्टन गांवची आहे. इंग्लंडांतून येऊन तेथें वसलेल्या प्युरिटन लोकांत धर्मनियम व राज्याचा कायदा यांत फारसा भेद नव्हता. व्यभिचाराबद्दल दोषी ठरलेली हेस्टर प्रिन तान्ह्या मुलीस घेऊन भर बाजारांत चौथऱ्यावर तीन तास उभी राहते, आणि ‘ए’ हें तांबडें अक्षर जन्मभर छातीवर बाळगण्याची तिला शिक्षा होते. ही निवळ कविकल्पना नव्हे. १६९४ सालीं मॅसॅच्युसेट्समधील कायद्यानेंच असें अक्षर कपड्यांवर लावण्याची शिक्षा सांगितली होती.

असें पुस्तक विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें काय, अशी शंका कित्येक पालकांस येणें साहजिक आहे. माझ्या मतें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तें अवश्य वाचावें. पापाचें वर्णन त्यांत जवळजवळ नाहींच. कथेस आरंभ होतो तो शिक्षेपासून, आणि ग्रंथकाराची दृष्टि प्रथम वळते ती प्रेक्षकांकडे. जमलेल्या बायकांपैकीं एक म्हणते, हिच्या कपाळावर डाग द्यावयास हवा होता; दुसरी तर देहान्तशिक्षा मागते. एक तरुण माता तेवढी हेस्टरच्या अंतःकरणांतील वेदना ओळखते. वर सज्जांतून धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल तिला सहअपराध्याचें नांव सांगण्याविषयीं उपदेश करतो. आणि तो सहअपराधी तो स्वतःच असतो!

लोकलज्जेच्या भयानें माणूस सन्मार्गावर राहतो, असें पुष्कळांचें म्हणणें आहे, व तें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु येथें त्या भयानें काय साधलें? हेस्टर शिवणकामावर निर्वाह करून गरिबांची व आजाऱ्यांची सेवा करीत राहिली, तेव्हां लोक त्याच अक्षराचा ‘एबल’, म्हणजे समर्थ, असा अर्थ करूं लागले. डिम्सडेल मात्र सात वर्षें मनांतल्या मनांत झुरत गेला. चौथऱ्याच्या धाकानें तो शुद्ध झाला नाहीं. लपावयास मात्र शिकला.

हॉथॉर्न यांचे पूर्वज जॉन हॅथॉर्न हे १६९२ सालच्या सेलम येथील चेटकाच्या खटल्यांत न्यायाधीश होते. त्या खटल्यांत १९ जणांस फांशी देण्यांत आलें. त्यांचेच सहकारी न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनीं १६९७ सालीं भर प्रार्थनामंदिरांत उभें राहून आपला दोष पत्करला. त्यांस तेथें कोणीं ओढून नेलें नव्हतें. म्हणूनच त्या कबुलीस मोल आहे.

आपल्याकडे तसा चौथरा नाहीं, हें खरें. तथापि चुकलेल्या मुलास सर्व वर्गासमोर किंवा पाहुण्यांदेखत नांवें ठेवण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. त्या वेळीं मुलाच्या मनांत पश्चात्ताप उपजतो, कीं पुढच्या खेपेस सांपडूं नये म्हणून युक्ति सुचते, याचा शिक्षकांनीं व पालकांनीं विचार करावा. आणि विद्यार्थिमित्रहो, आपला सोबती असा उभा असतां तुम्ही हसणाऱ्यांत सामील व्हाल, कीं त्या तरुण मातेप्रमाणें त्याचें दुःख ओळखाल, हें तुमचें तुम्हींच ठरवावयाचें आहे.