मतभेद आणि पंगत

इ. स. १८६२ मध्यें जपानी वकिलातीबरोबर फुकुझावा युकिची हा तरुण भाषांतरकार युरोपांत गेला. यंत्रविद्या ग्रंथांतूनही कळते, म्हणून तो लोकांच्या नित्य व्यवहाराविषयींच विचारपूस करी. इंग्लंडांत त्यानें ऐकिलें कीं, पार्लमेंटांत दोन पक्ष एकमेकांशीं झगडतात. मग हेच प्रतिपक्षी एका मेजावर जेवतात कसे? हें कोडें उलगडावयास त्यास फार सायास पडले. स्वदेशीं विरोधक म्हणजे वैरी. परतल्यावर परकीय विद्येच्या द्वेष्ट्यांच्या भयानें कित्येक वर्षें तो रात्रीं घराबाहेर पडत नसे.

आम्हांस हें कोडें परकें वाटत नाहीं. मत न जुळल्यानें चूल वेगळी मांडलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. वाचकहो, ओसरीवर वाद खुशाल रंगावा. पंगत मात्र एकच असावी.